कचरा तेवढाच, पाणी कमी

मूत्रपिंडांना दोन कामे सांभाळावी लागतात आणि लातूरजवळच्या औशाच्या मे महिन्यात ती एकमेकांच्या आड येतात. रक्तातला कचरा बाहेर टाकायचा, आणि त्यासाठी लागणारे पाणी शरीरात राखायचेही. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा शेतात राबणाऱ्याचे कित्येक लिटर पाणी घामावाटे जाते. पण घामातून युरिया थोडाच निघतो. प्रथिनांच्या विघटनातून यकृतात तयार होणारा युरिया, स्नायूंतले क्रिएटिनिन आणि यूरिक आम्ल यांचा मुख्य भार मूत्रपिंडांवरच राहतो.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेली ही इंद्रिये मुठीएवढी, पण मिनिटाला लिटरभर रक्त त्यांच्यातून फिरते. प्रत्येकात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो; रक्तपेशी आणि मोठी प्रथिने त्यात अडतात; पाणी, क्षार, साखर, युरिया गाळून पुढे जातात. असा गाळलेला द्रव दिवसाला १८० लिटर! लघवी मात्र होते दीड लिटरच्या आसपास. बाकीचे पाणी, सगळी साखर आणि बहुतेक क्षार नलिका परत रक्तात ओढून घेतात. मूत्रपिंडाची खरी करामत गाळण्यापेक्षा या परत घेण्यात आहे.

शरीरात पाणी कमी पडले की मेंदूतून एक संप्रेरक सुटते. नलिकांचा शेवटचा भाग आणखी पाणी शोषतो, लघवी गडद पिवळी होते. पण काटकसरीला सीमा आहे. रोजचा कचरा विरघळवायला किमान अर्धा लिटर पाणी लागतेच. एप्रिल २०१६मध्ये दुष्काळात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आले. नेफ्रॉनला मात्र रक्तात आहे तेवढ्यावरच भागवावे लागते.

तयार लघवी २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते. मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर मावते, पण लघवीची जाणीव त्याच्या बरीच आधी होते.

लघवी फार दाट झाली की जळजळते. उन्हाळी लागली म्हणतात ती हीच, कधी त्यामागे जंतुसंसर्गही असतो. दाटपणा टिकला तर कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक जमून मुतखडा होतो. तो अरुंद मूत्रवाहिनीत अडकला की कळ बरगडीखालून जांघेपर्यंत जाते. पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडतो. मोठा फोडावा किंवा काढावा लागतो.