गोल्फची बॅग कशी निवडावी : खेळण्याची पद्धत आणि वाहणारा खांदा

गोल्फच्या खेळात काठ्या, चेंडू आणि मैदान यांची चर्चा पुष्कळ होते. हे सारे साहित्य ज्या बॅगेतून नेले जाते, तिच्याकडे मात्र रंग आणि कंपनीचे नाव यांपलीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. वास्तविक अठरा होलचा एक पूर्ण डाव पायी खेळायचा म्हणजे सुमारे आठ ते दहा किलोमीटरची चाल आणि चार तासांहून अधिक वेळ लागतो. या काळात बॅग अनेक डझन वेळा खाली ठेवावी आणि पुन्हा उचलावी लागते. त्यामुळे चुकीची बॅग निवडल्यास त्याचा परिणाम प्रथम खांद्यावर आणि पाठीवर, नंतर खेळावर होतो.

बॅग निवडताना पहिला प्रश्न ती कशी दिसते हा नसून ती कोण आणि कशी वाहून नेणार, हा आहे. भारतात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. येथील बहुसंख्य मैदानांवर बॅग खेळाडूऐवजी कॅडी, म्हणजे साहित्य वाहणारा मदतनीस, सांभाळतो. निवड एकाची आणि ओझे दुसऱ्याचे, अशी ही स्थिती आहे.

चौदा काठ्यांची मर्यादा

क्लब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोल्फच्या काठ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बॅगेत ठेवण्याची पद्धत नव्हती. कॅडी मोजक्या काठ्या काखेत धरून खेळाडूमागे चालत असे. त्या शतकाच्या अखेरीस कापडी पिशव्या वापरात आल्या. पुढे पोलादी दांड्याच्या काठ्यांचे संच मिळू लागले आणि बॅगेचा आकार वाढत गेला. १९३० च्या दशकात काही खेळाडू पंचवीसहून अधिक काठ्या घेऊन मैदानात उतरू लागले. अखेर अमेरिकेतील नियामक संस्थेने १९३८ मध्ये आणि ब्रिटनमधील संस्थेने १९३९ मध्ये चौदा काठ्यांची कमाल मर्यादा घातली. ती आजही कायम आहे.

ही मर्यादा मोडल्यास, फटक्यांच्या बेरजेवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत ज्या होलवर जादा काठी आढळते अशा प्रत्येक होलमागे दोन फटक्यांचा आणि एका फेरीत जास्तीत जास्त चार फटक्यांचा दंड होतो. वेल्सचे खेळाडू इयन वूझनम यांना जुलै २००१ मध्ये ब्रिटनमधील ओपन स्पर्धेच्या अंतिम फेरीत याचा अनुभव आला. पहिल्या होलवर उत्तम खेळ करून ते आघाडीवर असताना, दुसऱ्या होलच्या प्रारंभी बॅगेत पंधरावी काठी असल्याचे कॅडीच्या ध्यानात आले. सरावासाठी वापरलेली ती काठी बाहेर काढायची राहून गेली होती. दोन फटक्यांचा दंड झाला आणि वूझनम यांना अखेर संयुक्त तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. बॅगेत काय आहे हे ठाऊक असणे किती आवश्यक आहे, ते दाखविण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नियमाने कमाल संख्या ठरविली आहे, किमान नव्हे. चौदा काठ्या बाळगणे बंधनकारक नाही. नवशिक्या खेळाडूचे सहा ते आठ काठ्यांवर उत्तम भागते.

वजनाचा हिशेब

चौदा काठ्यांचे एकत्रित वजन साधारणपणे साडेपाच किलो भरते. नियमानुसार एका चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक असता कामा नये. अर्थात एक डझन चेंडू सुमारे साडेपाचशे ग्रॅमचे होतात. एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो. छत्री आणि पावसाळी कोट मिळून सव्वा किलोच्या आसपास. हातमोजे, टॉवेल, टी आणि खाण्याचे पदार्थ अर्धा किलो. सव्वादोन किलोची रिकामी बॅग यात मिळविली, की एकूण भार अकरा किलोंच्या घरात जातो.

याच साहित्यासाठी व्यावसायिक खेळाडू वापरतात तशी पाच किलोची मोठी बॅग घेतल्यास भार पावणेचौदा किलो होतो. घरगुती सिलिंडरमधील गॅसचे वजन १४.२ किलो असते. चेंडूंचा आणखी एक डझन त्यात पडला, की खांद्यावरचे ओझे तितकेच होते.

याउलट सात काठ्या, सव्वा किलोची हलकी बॅग, सहा चेंडू, एक लिटर पाणी आणि किरकोळ वस्तू एवढेच घेतल्यास एकूण वजन साडेपाच किलोंच्या आसपास राहते. म्हणजे निम्मे.

शालेय दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ठरविले आणि २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणातही हेच प्रमाण स्वीकारण्यात आले. गोल्फच्या बॅगेसाठी असा कोणताही नियम नाही. काठ्यांची संख्या ठरलेली आहे. वजन मात्र सर्वस्वी खेळाडूच्या विवेकावर सोडलेले आहे.

बॅगेचे चार प्रकार

बाजारात उपलब्ध असलेल्या बॅगांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार पेन्सिल बॅग किंवा संडे बॅगचा. अरुंद, सडपातळ आणि एक ते दीड किलो वजनाची ही बॅग सात-आठ काठ्या नेण्यासाठी योग्य ठरते. नऊ होलचा डाव खेळणारे, सरावासाठी जाणारे आणि नव्याने शिकणारे यांना ती सोयीची आहे. पूर्ण संच कोंबल्यास मात्र काठ्या एकमेकींत अडकतात.

दुसरा प्रकार स्टँड बॅगचा. १९८० च्या दशकात रूढ झालेल्या या बॅगेला दोन बारीक पाय असतात. बॅग जमिनीवर टेकताच ते उघडतात आणि ती तिरपी उभी राहते. तिचे वजन साधारणपणे पावणेदोन ते पावणेतीन किलो असते. स्वतः बॅग खांद्यावर घेऊन चालणाऱ्यांसाठी ही सर्वांत उपयुक्त निवड होय. दवाने ओल्या गवतावर बॅग आडवी करावी लागत नाही आणि दर वेळी खाली वाकणेही टळते.

तिसरा प्रकार कार्ट बॅगचा. ढकलगाडीवर अथवा बॅटरीच्या बग्गीवर बांधून नेण्यासाठी ती तयार केलेली असते. तिला पाय नसतात, तळ सपाट असतो आणि बॅग बांधलेली असतानाही हात पोहोचावा म्हणून सर्व कप्पे पुढील बाजूस असतात. वजन अडीच ते साडेतीन किलो किंवा त्याहून थोडे अधिक. जो नेहमी ट्रॉली वापरतो, त्याने पायांच्या बॅगेवर खर्च करण्याचे कारण नाही. ट्रॉलीच्या पट्ट्यात ते पाय अनेकदा अडकतात. मात्र ही बॅग खांद्यावर घेऊन अठरा होल चालणे त्रासाचे ठरते.

चौथा प्रकार टूर बॅग किंवा स्टाफ बॅगचा. दूरचित्रवाणीवर व्यावसायिक खेळाडूंबरोबर दिसणारी, मोठ्या अक्षरांत नावे मिरविणारी बॅग ती हीच. रिकामी असतानाच तिचे वजन साडेचार ते पाच किलो असते. ती प्रायोजकाच्या जाहिरातीसाठी आणि दिवसभराच्या स्पर्धेतील कपडे, खाद्यपदार्थ, दोन-तीन डझन चेंडू नेण्यासाठी असते. आठवड्याच्या सुटीत खेळणाऱ्यास तिची क्वचितच गरज भासते.

बॅग कॅडी उचलणार असेल तर

खरेदी करणारे बहुतेक जण स्वतःच्या सोयीचा विचार करतात आणि अनेकदा नेमके येथेच चुकते. बॅग आपल्याला उचलायची नाही, म्हणून ती कितीही मोठी चालेल, अशी समजूत प्रचलित आहे.

भारतीय गोल्फचा इतिहास पाहिल्यास कॅडींचे स्थान स्पष्ट होते. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून काम करीत असत. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे ही स्पर्धा जिंकणारे एस. एस. पी. चौरसिया हे कोलकात्यातील मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचे पुत्र. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेल्या मध्य प्रदेशातील महू येथील छावणीच्या मैदानाशी मुकेश कुमार यांची कारकीर्द जोडलेली आहे. इतरांच्या बॅगा वाहण्यापासून सुरुवात करणाऱ्या मुकेश कुमार यांनी डिसेंबर २०१६ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, दिल्लीत पॅनासोनिक ओपन जिंकली. एशियन टूरवर पहिलेच विजेतेपद मिळविणारे ते सर्वांत वयस्कर खेळाडू ठरले. महूचेच ओम प्रकाश चौहान यांनी २०२३ मध्ये भारतीय व्यावसायिक मालिकेत अव्वल क्रमांक पटकावला.

कॅडी केवळ हमाल नसतो. नियमानुसार खेळाडूला सल्ला देण्याचा अधिकार कॅडीला असतो. अदिती अशोक हिने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वडिलांना आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आईला कॅडी म्हणून सोबत घेतले होते. टोकियोत तिचे पदक थोडक्यात हुकले आणि तिला चौथा क्रमांक मिळाला.

तेव्हा कॅडी बॅग खांद्यावर नेणार असेल, तर रिकाम्या बॅगेचे वजन अडीच किलोंच्या आत ठेवणे इष्ट होय. कॅडीला दर फटक्याला बॅग उतरवावी लागत असल्याने अनेकांना दुहेरीपेक्षा एकेरी, रुंद आणि जाड गादीचा पट्टा सोयीचा वाटतो. दोन्ही प्रकारे बांधता येणारा पट्टा असल्यास उत्तम. डाव सुरू होण्यापूर्वी कॅडीच्या उंचीप्रमाणे पट्टा जुळवून द्यावा. पट्टा फार लांब राहिल्यास बॅगेचा तळ चालताना मांडीवर आणि गुडघ्यामागे आदळत राहतो. मोठीच बॅग हवी असल्यास ट्रॉलीचे भाडे खेळाडूने द्यावे, हा साधा संकेत आहे.

कॅडीचे वय हीदेखील दुर्लक्ष करण्याजोगी बाब नाही. २०१६ च्या कायदा दुरुस्तीनंतर कौटुंबिक व्यवसाय आणि कलाक्षेत्रातील मर्यादित अपवाद वगळता चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास पूर्ण बंदी आहे.

पट्टा, तोंड आणि कप्पे

स्वतः बॅग वाहणाऱ्याने दुहेरी पट्ट्याची बॅग घ्यावी. १९९० च्या दशकात प्रचलित झालेला हा पट्टा शालेय दप्तराप्रमाणे भार दोन्ही खांद्यांवर विभागतो. बॅग पाठीवर जवळजवळ आडवी आणि कंबरेच्या वर स्थिर राहिली पाहिजे.

बॅगेचे तोंड चार ते चौदा खणांत विभागलेले असते. खण जितके अधिक, तितकी काठी सापडणे सोपे. पण वजनही तितकेच वाढते. चालणाऱ्यास चार ते सहा खण पुरतात. खण तळापर्यंत शिवलेले आहेत की केवळ तोंडाशी, हेही पाहावे. केवळ तोंडाशी असल्यास आत काठ्यांच्या मुठी एकमेकींत गुंततात. ज्यांच्या पटरची, म्हणजे चेंडू भोकात ढकलण्याच्या काठीची, मूठ जाड आहे, त्यांनी त्यासाठी स्वतंत्र रुंद खण आहे याची खात्री करावी. कार्बन तंतूंचे दांडे असलेल्या काठ्यांसाठी खणांच्या कडा मऊ कापडाने मढविलेल्या असाव्यात, अन्यथा दांडे घासले जातात.

पावसाळा आणि विमानप्रवास

कोकण, घाटमाथा किंवा नर्मदेच्या खोऱ्यातील पावसात खेळणाऱ्यांनी तोंड झाकणारी टोपी आणि पाणी न झिरपणाऱ्या साखळ्या असलेली बॅग घ्यावी. खेळ संपल्यावर काठ्या पुसून आणि सर्व कप्पे उघडून ती सावलीत वाळवावी. ओला टॉवेल आत राहिल्यास बुरशी येते आणि पोलाद गंजते. विजा चमकू लागल्यास खेळ थांबविण्याची मुभा नियमांनीच दिलेली आहे. अशा वेळी बॅग आणि छत्री तेथेच सोडून सुरक्षित इमारतीत जावे.

देशांतर्गत विमानप्रवासात अनेक कंपन्यांच्या साध्या तिकिटावर पंधरा किलो सामानाची मर्यादा असते. अकरा किलोंची भरलेली बॅग आणि तिचे प्रवासी आवरण यांनीच ती जवळजवळ संपते. नेहमी प्रवास करणाऱ्याने हलकी बॅग घ्यावी आणि पाणी, जादा चेंडू पोहोचल्यावर विकत घ्यावेत.

खरेदीपूर्वी

दुकानात रिकामी बॅग खांद्यावर घेऊन निर्णय करू नये. स्वतःच्या काठ्या घालून, पट्टा जुळवून काही मिनिटे चालून पाहावे. बॅग दहा वेळा उतरवून पुन्हा उचलावी. स्टँड बॅगचे पाय उतारावर स्थिर राहतात का, तेही तपासावे.

जबलपूर जिल्ह्यातील शहपुऱ्यासारख्या गावात राहून घरपोच बॅग मागविणाऱ्यास ही सोय नसते. त्याने तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात : रिकाम्या बॅगेचे वजन, खणांची संख्या आणि बॅग परत करण्याची मुदत. बॅग आल्यावर ती पूर्ण भरून घरच्या वजनकाट्यावर उभे राहावे, मग बॅगेविना उभे राहावे. दोन आकड्यांतील फरक म्हणजे खरे ओझे. ते कॅडी उचलणार असला, तरी बॅग आधी स्वतः खांद्यावर घेऊन घरापासून कोपऱ्यापर्यंत चालून पाहावे. तेवढ्यात दम लागला, तर काठ्या कमी कराव्यात किंवा बॅग बदलावी.