निरुपद्रवी वायूचा धडा

पूर्वी शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड असे विषारी वायू वापरीत. १९२८ मध्ये टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनविषारी, न पेटणारे, सहसा विघटन न पावणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन पुढे आणले. हा टिकाऊपणाच पुढे घातक ठरला. हे वायू स्थितांबरात पोहोचून अतिनील किरणांनी फुटतात व मुक्त झालेला क्लोरीन ओझोनचा नाश करतो, असे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखविले. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी त्यांना आवर घालण्याचा करार केला. पर्यायी वायूही पृथ्वीचे तापमान वाढवितात, म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे त्याची व्याप्ती वाढवावी लागली.

वायूची परीक्षा घरापुरतीच झाली होती. तो पुढे जातो कोठे, हे कोणी विचारले नव्हते. प्रत्येक नव्या शोधाला हा प्रश्न आरंभीच विचारणे, हे तत्त्वचिंतनाचे कार्य होय.