चंचल चाचण्या व फाइलवरील वेळेची नोंद

परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथे काय, अथवा अन्य कोणत्याही प्रयोगक्षेत्रावर काय, पिकाच्या नव्या वाणाचा निवाडा एका वाफ्यावरून होत नाही. तोच वाण अनेक वाफ्यांत व अनेक हंगामांत पेरावा लागतो. कारण जमिनीचा कस आणि पाऊसमान संशोधकाच्या स्वाधीन नसतात. संगणकाची एखादी स्वयंचलित चाचणी कधी उत्तीर्ण तर कधी अनुत्तीर्ण होऊ लागली, की पुष्कळदा हाच न्याय तिला लावण्यात येतो आणि ती पुनःपुन्हा चालवून अनुकूल निकाल तेवढा स्वीकारला जातो. हा न्याय येथे गैरलागू होय. यंत्रातील चंचलतेस बहुधा निश्चित कारण असते. गूगलने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार तेथील जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत काही ना काही चंचलता होती. तेव्हा प्रश्न किरकोळ नव्हे.

फाइल-व्यवस्थेच्या चाचण्यांत या दोषाचे एक मूळ वेळेच्या नोंदीत सापडते. समजा, एखादी आज्ञावली फाइलचा मजकूर स्मृतीत साठविते, आणि फाइलच्या अखेरच्या बदलाची वेळ पुढे सरकली तरच ती पुन्हा वाचते. चाचणी फाइल लिहिते, आज्ञावलीस ती वाचावयास लावते, लागलीच दुसरा मजकूर लिहिते व तोच परत मिळावा अशी अपेक्षा धरते. परंतु वेळेची नोंद किती सूक्ष्म असावी हे व्यवस्थेगणिक भिन्न आहे. जुन्या फॅट व्यवस्थेत ती २ सेकंदांची, ईएक्सटी३ मध्ये १ सेकंदाची. ईएक्सटी४ मध्ये नॅनोसेकंदापर्यंत जागा आहे खरी. तथापि लिनक्सचा गाभा ही वेळ घड्याळाच्या ठोक्यागणिकच पुढे नेत असे. सेकंदास २५० ठोके धरल्यास दोन ठोक्यांत ४ मिलिसेकंदांचे अंतर पडते. दोन्ही लेखने त्या अवधीत उरकली, की वेळ तीच राहते व जुनाच मजकूर हाती येतो. यंत्र जितके वेगवान, तितके अपयश अधिक! जानेवारी २०२५ मधील ६.१३ आवृत्तीने ही नोंद गरजेनुसार सूक्ष्म केली. जुन्या आवृत्त्यांवर मात्र अडचण कायम आहे.

दोन लेखनांमध्ये एक सेकंद थांबावे, हा रूढ उपाय. फॅटवर तो पुरत नाही, आणि मुख्य म्हणजे तो खरा दोष झाकतो. प्रत्यक्ष वापरातही कोणी त्याच क्षणी फाइल बदलली, तर शिळाच मजकूर मिळणार. म्हणजे अनुत्तीर्ण हाच निकाल बरोबर होता. गिट या आज्ञावलीने हे ओळखले आहे. तिची सूची ज्या क्षणी लिहिली गेली, त्याच क्षणाची किंवा नंतरची वेळ असलेली फाइल ती संशयास्पद मानते व मजकूरच ताडून पाहते. दुरुस्ती आज्ञावलीत झाली, चाचणीत नव्हे.

सर्वत्र असेच असते असे नाही. निर्देशिकेतील नावे कोणत्या क्रमाने यावीत हे पॉझिक्स मानकाने ठरविलेले नाही. ईएक्सटी४ मध्ये तो क्रम नावांच्या हॅशवर अवलंबून असू शकतो, आणि हॅशचे बीज प्रत्येक व्यवस्थेचे निराळे असते. येथे चूक चाचणीचीच. नावे क्रमवार लावून मग तुलना करावी.

कारणाचा संशय आल्यावर शंभर वेळा वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. दुसऱ्या लेखनानंतर फाइलवरील वेळ मुद्दाम पहिल्याइतकीच ठेवावी. संशय खरा असल्यास शंभरातून एकदा होणारे अपयश दर वेळी होऊ लागते, आणि केलेली दुरुस्ती त्याच कसोटीवर तपासता येते.