शेवटचा हात

कार्यानुभवाच्या तासाला तुम्ही पुठ्ठ्याचे घर किंवा लाकडी पेटी बनवली असेल. वस्तू उभी राहिली की आपल्याला वाटते, काम झाले. आता रंग दिला की संपले. पण अनुभवी कारागिराला विचारा. तो म्हणेल, "आता तर खरे काम सुरू झाले." या शेवटच्या कामाला मराठीत 'शेवटचा हात फिरवणे' म्हणतात. शिडाच्या मोठ्या जहाजाच्या प्रतिकृतीवर हा शेवटचा हात कसा फिरवतात, ते या पाठात पाहू.

त्यासाठी आपण एक खरेखुरे जहाज निवडू. ते मुंबईत बांधले गेले आणि आजही पाण्यावर आहे. त्याचे नाव 'त्रिंकोमाली'. श्रीलंकेतील एका बंदराचे हे नाव आहे. सुरतेहून १७३६ साली मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत अनेक पिढ्या जहाजे बांधली. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली हे लढाऊ जहाज ब्रिटिश आरमारासाठी तयार झाले. लाकूड होते मलबारचे सागवान. जहाजाची मागणी १८१२ सालीच आली होती. पण ज्या जहाजातून त्याचे नकाशे येत होते, ते जहाज वाटेत अमेरिकी आरमाराने पकडले. नकाशांची दुसरी प्रत येईपर्यंत काही वर्षे गेली. शेवटी १८१६ साली बांधकाम सुरू झाले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथील गोदीत उभे आहे. त्याची मोठी दुरुस्ती २००१ साली पूर्ण झाली. तरीही त्यातले बरेचसे सागवान मूळचेच आहे.

आता अशी कल्पना करा, की या जहाजाची मोठी प्रतिकृती टेबलावर आहे. सांगाडा झाला आहे, फळ्या बसल्या आहेत, तोफांच्या खिडक्याही कापल्या आहेत. इथून पुढे काय करायचे?

पहिला प्रश्न हत्यारांचा नाही, सालाचा आहे. ही प्रतिकृती कोणत्या सालच्या जहाजाची? १८१७ साली 'त्रिंकोमाली' ३८ तोफांच्या वर्गातले फ्रिगेट होते. पुढे १८४५च्या सुमारास त्याची पिछाडी बदलण्यात आली आणि तोफा कमी करून २६ करण्यात आल्या. १८९७ साली ते विकले गेले. नव्या मालकाने त्याचे नावही बदलले. जुने नाव त्याला १९९२ साली परत मिळाले. म्हणजे एकाच जहाजाची तीन-चार रूपे झाली. १८१७ सालच्या अंगावर १८४७ सालच्या तोफा बसवल्या, तर ते जहाज कधीच अस्तित्वात नव्हते असे होईल. म्हणून साल आधी ठरवायचे आणि शेवटपर्यंत त्याला धरून राहायचे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. जहाजांच्या मोठ्या प्रतिकृतींसाठी १:४८ हे प्रमाण फार वापरले जाते. त्यात खऱ्या जहाजाच्या एका फुटासाठी प्रतिकृतीवर पाव इंच घेतात. 'त्रिंकोमाली'चा तोफांचा मजला सुमारे १५० फूट लांब आहे. या प्रमाणात तो साडेसदतीस इंच, म्हणजे सुमारे ९५ सेंटिमीटर होतो. त्यावर उभा केलेला साडेपाच फुटी खलाशी फक्त साडेतीन सेंटिमीटर उंच असेल. काम करताना हा इवलासा खलाशी नेहमी डोळ्यांसमोर ठेवावा. त्याच्या हातात मावणार नाही असा दोर किंवा त्याला चढता येणार नाही अशी शिडी आपण लावली, तर आपले चुकले.

शेवटच्या कामाची सुरुवात खालून होते. लाकडी जहाजाच्या पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे ठोकत असत. समुद्रातले किडे लाकूड पोखरतात आणि शिंपले चिकटून जहाजाचा वेग कमी करतात. तांबे या दोहोंपासून जहाजाला वाचवते. असा एक पत्रा साधारण ४ फूट लांब आणि १४ इंच रुंद असे. प्रतिकृतीवर तो एक इंच लांब आणि सुमारे सात मिलिमीटर रुंद होतो. असे हजाराहून अधिक तुकडे चिकटवावे लागतात. ते कोठून सुरू करायचे? तुम्ही घरावर कौले चढवताना पाहिली असतील. कौले खालच्या कडेपासून वर लावत जातात, म्हणजे पावसाचे पाणी सांध्यात शिरत नाही. जहाजाचे पत्रे पिछाडीकडून पुढे लावत नेतात. पुढच्या पत्र्याची कड मागच्या पत्र्यावर येते. त्यामुळे जहाज पुढे जाताना पाण्याच्या झोताने पत्रा उचकटत नाही. प्रतिकृती पाण्यात जाणार नसली, तरी क्रम हाच ठेवायचा. पत्रे लावून झाले की ते मऊ कापडाने पुसावेत. घामाच्या बोटांचे डाग तांब्यावर काळे पडतात.

यानंतर डोलकाठ्या उभ्या करायच्या. उर्दूत आपण ज्याला मस्तूल म्हणतो, तीच मराठीतली डोलकाठी. 'त्रिंकोमाली'ला तीन डोलकाठ्या आहेत. शिवाय नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या टोकावरून पुढे झुकलेली एक काठी आहे. प्रत्येक डोलकाठी एकावर एक अशा तीन भागांची असते. आधी जहाजाचा तळ पक्का बसवून सपाट करावा. मग समोर उभे राहून ओळंबा धरावा. गवंडी भिंतीला लावतो तोच हा ओळंबा. तिन्ही डोलकाठ्या समोरून एका रेषेत दिसल्या पाहिजेत. इथे केसाएवढा फरक राहिला तर खाली तो दिसत नाही, पण वरच्या टोकाला बोटभर होतो.

आता दोरांचे काम येते. सर्वांत जास्त वेळ यालाच लागतो. जहाजावर दोन प्रकारचे दोर असतात. काही दोर स्थिर असतात. ते डोलकाठीला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी ताणून धरतात. तंबूच्या खांबाला ताणाचे दोर असतात, तसेच हे. दुसरे दोर चालते असतात. ते कप्प्यांतून फिरतात. त्यांनी शिडे वर चढवतात, गुंडाळतात आणि आडव्या काठ्या वाऱ्याप्रमाणे वळवतात. शीड म्हणजे आपले बादबान. स्थिर दोर कायम ऊन-पावसात राहतात, म्हणून त्यांना डांबर पाजत. ते काळे दिसत. चालते दोर हाताळायचे असल्याने फिकट तपकिरी असत. म्हणून प्रतिकृतीसाठीही दोन रंगांचा दोरा लागतो. एकाच काळ्या दोऱ्याने सगळे जहाज बांधले, तर कोणता दोर कशासाठी आहे ते पाहणाऱ्याला कळत नाही.

दोऱ्याची जाडी ठरवताना पुष्कळ जण फसतात. जुन्या जहाजांच्या नोंदींत दोराचे माप म्हणजे त्याचा घेर, जाडी नव्हे. समजा, दोर ९ इंचांचा लिहिला आहे. त्याचा घेर ९ इंच, म्हणजे व्यास ३ इंचांपेक्षा थोडा कमी. १:४८ प्रमाणात त्यासाठी दीड मिलिमीटर जाडीचा दोरा हवा. पण ९ इंच ही जाडी समजून भागाकार केला, तर उत्तर पावणेपाच मिलिमीटर येते. दोरा तिप्पट जाड होतो आणि जहाज साखळदंडांत अडकल्यासारखे दिसते. भूमितीच्या तासाला शिकलेला घेराचा नियम असा उपयोगी पडतो.

दोरा शक्यतो सुती किंवा जवसाच्या धाग्याचा घ्यावा आणि मेणाच्या वडीवरून ओढावा. त्यामुळे त्याचे बारीक तंतू खाली बसतात आणि धूळ कमी धरते. तो फार ताणून बांधू नये. बाजेच्या सुतळीवर पाणी शिंपडले की ती ताठ होते, हे तुम्ही पाहिले असेल. सुती दोराही दमट हवेत आखडतो. हिवाळ्यात सतारीच्या तारेसारखा ताणलेला दोर पावसाळ्यात आणखी आखडेल आणि बारीक काठी वाकवील. म्हणून दोर सरळ राहील एवढाच ताण द्यावा.

बाजूचे ताण बांधण्याचाही क्रम असतो. उजवीकडची पहिली जोडी बांधली की लगेच डावीकडची पहिली जोडी बांधतात. मग पुन्हा उजवीकडची. सगळे ताण आधी एकाच बाजूला बांधले, तर डोलकाठी तिकडे झुकते. प्रत्येक ताणाच्या खालच्या टोकाला तीन भोकांची लाकडी चकती असते. तशीच दुसरी चकती जहाजाच्या अंगाला जोडलेली असते. दोन्हींच्या भोकांतून बारीक दोर ओवून ताण कमी-जास्त करतात. सगळ्या वरच्या चकत्या एका उंचीवर आल्या पाहिजेत. नजर प्रथम तिथेच जाते.

या ताणांवर आडवे बारीक दोर बांधले की खलाशाची शिडी तयार होते. तिच्या दोन पायऱ्यांत सुमारे १३ इंच अंतर धरले, तर प्रतिकृतीवर ते सात मिलिमीटर होते. एका बाजूला आठ ताण आणि चाळीस पायऱ्या असतील, तर त्या एका शिडीलाच ३२० गाठी पडतात! कारागीर मागे रेघा ओढलेला कागद लावतात आणि खालून वर गाठी बांधत जातात. गाठ जोराने आवळली की ताण एकमेकांकडे ओढले जातात आणि शिडीची कंबर बारीक होते. म्हणून दर पाच-सहा पायऱ्यांनंतर थांबून दुरून पाहावे. एका बैठकीत सगळे उरकण्याची घाई करू नये.

चालत्या दोरांसाठी आधी यादी करावी. दोर कोठून निघतो, कोणत्या कप्प्यातून जातो आणि कोणत्या खुंटीला बांधतात, हे क्रमाने लिहावे. मग मधले दोर आधी आणि कडेचे नंतर बांधावे. कडेचे दोर आधी बांधले, तर त्यांच्या जाळ्यातून चिमटा आत जात नाही. मधला एखादा राहिलेला दोर बांधण्यासाठी चांगले बांधलेले दहा दोर तोडावे लागतात.

शिडे लावावीत की नाही, हे तुमच्यावर आहे. लावलीत तर कापड फार तलम हवे. खरे शीड सुमारे दोन फूट रुंदीच्या पट्ट्या शिवून करत. म्हणून प्रतिकृतीवर शिवणी अर्ध्या अर्ध्या इंचावर दाखवतात. आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. शिडे मागच्या वाऱ्याने फुगलेली असतील, तर निशाण कोणत्या बाजूला फडकेल? पुष्कळ चित्रांत ते मागे फडकताना दाखवतात. आपण सायकल चालवतो तेव्हा हँडलवरचा कागदी झेंडा मागे उडतो, म्हणून असे वाटते. पण सायकल आपण पायांनी चालवतो. जहाजाला तर वाराच ढकलत असतो आणि तो जहाजापेक्षा वेगाने पुढे जात असतो. म्हणून निशाणही पुढच्या दिशेलाच फडकते. निशाणाचा रंगही सालाप्रमाणे ठरतो. १८६४ पर्यंत ब्रिटिश आरमारात लाल, पांढरे आणि निळे अशी तीन निशाणे होती. त्या वर्षापासून आरमारासाठी फक्त पांढरे राहिले.

आता नांगर, कंदील, लहान होड्या अशा वस्तू जागेवर ठेवायच्या. प्रत्येक खुंटीवर दोराचे वेटोळे टांगायचे, कारण खरा खलाशी उरलेला दोर फरशीवर लोळू देत नाही. ही वेटोळी वेगळी करून, पातळ डिंकाने बसवून मग टांगतात. शेवटी धूळ आणि ऊन यांपासून रक्षण करण्यासाठी काचेची पेटी हवी.

सर्वांत शेवटी येते नावाची पाटी. तिच्यावर जहाजाचे नाव, साल, प्रमाण, बांधणीचे ठिकाण आणि बांधणाऱ्याचे नाव लिहावे: 'त्रिंकोमाली, १८१७, मुंबई, जमशेटजी बमनजी वाडिया'. पाटी लहान असते, पण तिची जबाबदारी मोठी असते. जुनी बहुतेक लाकडी जहाजे बुडाली, जळाली किंवा मोडीत निघाली. त्यांचे रूप आज आपल्याला कळते ते नकाशांवरून, चित्रांवरून आणि प्रतिकृतींवरून. लंडनमधील ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात अशा जुन्या प्रतिकृतींचा मोठा संग्रह आहे. अभ्यासक त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहतात. प्रतिकृतीवर चुकीचा दोर बांधला, तर उद्या पाहणारा तोच खरा समजेल.

मुंबईच्या गोदीत ज्या सुतारांनी सागवानी फळ्या तासल्या, त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांनी दिलेला शेवटचा हात मात्र दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर टिकून आहे. तुमच्या हातून होणारे काम कोणतेही असो, गणिताची वही असो, शिवणकाम असो किंवा पुठ्ठ्याचे घर असो, संपत आले की एकदा थांबा. ते दुरून पाहा, मोजून पाहा आणि मगच त्यावर आपले नाव लिहा.

स्वाध्याय

१. प्रतिकृतीवर शेवटचा हात फिरवण्याआधी साल ठरवणे का आवश्यक आहे?
२. स्थिर दोर आणि चालते दोर यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. जहाजावरील होडी २४ फूट लांब आहे. १:४८ प्रमाणात ती किती इंचांची होईल?
४. मागून वारा असताना निशाण पुढे का फडकते? वर्गात चर्चा करा.
५. 'शेवटचा हात फिरवणे' हा वाक्प्रचार वापरून दोन वाक्ये लिहा.