पावसाच्या सीमेवरील आडवाट

एखाद्या गावी लवकर पोहोचावयाचे असेल तर हमरस्ता धरावा. पण तो मुलूख समजून घ्यावयाचा असेल तर आडवाटेस लागावे. दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी अ‍ॅडलेड सोडून उत्तरेस सुमारे 160 किलोमीटर गेले म्हणजे बर्रा हे गाव लागते. 1845 साली येथे तांबे सापडले आणि 1877 साली येथील खाण बंद पडली. गावातून उत्तरेस जाणारा मोठा रस्ता डांबरी आहे. पुढे हॅलेटच्या आसपास मात्र पूर्वेच्या टेकड्यांत शिरणारे खडीचे रस्ते फुटतात. ‘डेअर्स हिल’च्या नावाने ओळखली जाणारी फेरी त्यांपैकीच एक होय.

भारतातून गेलेल्या प्रवाशास येथे एकच गोष्ट ओळखीची वाटते, ती म्हणजे वाहन डावीकडून हाकावयाचे. बाकी सर्व नवखे. खडीवर चाके घसरतात. पुढच्या गाडीची धूळ वाट झाकून टाकते. आणि पाऊस झालाच तर कच्च्या रस्त्याचा चिखल होतो. म्हणून निघण्यापूर्वी आभाळ पाहावे, पाण्याचा साठा बरोबर घ्यावा आणि कागदी नकाशाही ठेवावा, कारण टेकड्यांच्या वळचणीस भ्रमणध्वनी मुका होतो. दिवस मावळण्याच्या सुमारास कांगारू अवचित आडवे येतात, तेव्हा वेग आवरावा. बऱ्याच वेळाने समोरून एखादी गाडी येते आणि तिचा चालक चक्रावरील एक बोट किंचित वर उचलतो. तो त्या मुलखाचा रामराम होय.

पूर्वेकडे जावे तसतसे दृश्य पालटत जाते. पिकाऊ जमीन मागे पडते आणि भुरकट, करड्या रंगाची खारट झुडुपे सुरू होतात. त्या मोकळ्या माळावर मधूनच दगडी घर दिसते. भिंती शाबूत, धुराडे उभे, पण छप्पर नाही आणि माणूसही नाही. असे एक घर पाहिले तर विशेष वाटत नाही. पण एकामागून एक दिसू लागली म्हणजे मनात प्रश्न उभा राहतो, की येथून माणसे गेली कोठे?

याचे उत्तर पावसात आहे. हिवाळ्यात दक्षिण महासागराकडून येणारे वारे या प्रदेशास पाऊस देतात. 900 मीटरांहून उंच असलेला माउंट ब्रायन आणि त्याची डोंगररांग त्या पावसाचा मोठा वाटा पश्चिमेसच उतरवून घेतात. सह्याद्रीच्या पूर्वेस माणदेशाच्या वाट्यास जे येते, तेच येथे पूर्व उतारास येते.

1865 साली भीषण अवर्षण पडले असता वसाहतीच्या सरकारने महासर्वेक्षक जॉर्ज गॉयडर यांस दुष्काळाची हद्द आखण्यास सांगितले. पर्जन्यमापनाची दीर्घकाळची नोंद त्यांच्या हाती नव्हती. ते घोड्यावरून शेकडो कोस हिंडले आणि वनस्पतींची साक्ष घेत गेले. खारट झुडुपांचे राज्य जेथे सुरू होते, तेथे भरवशाचा पाऊस संपतो, असा त्यांचा निर्वाळा होता. वर्षाकाठी सुमारे 250 मिलिमीटर पावसाच्या मर्यादेशी मिळतीजुळती अशी ही रेषा त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पुढे काही वर्षे पाऊस चांगला झाला आणि लोकांस गॉयडर भित्रे वाटू लागले. नांगरामागून पाऊस येतो, अशी समजूत पसरली. 1874 साली सरकारनेही रेषेचे बंधन उठविले. रेषेच्या कितीतरी उत्तरेस 1878 साली एका नव्या गावाची आखणी झाली आणि त्याचे नाव ठेवले फरीना, म्हणजे लॅटिन भाषेत पीठ! परंतु 1880 नंतर पावसाने पाठ फिरविली, पेरलेले उगवले नाही, आणि कुटुंबे दक्षिणेस परतली. फरीनात आज भग्न भिंती उभ्या आहेत. रेषेपलीकडच्या ओसाड घरांपैकी कित्येकांची कथा हीच आहे.

याच फेरीच्या वाटेवर, माउंट ब्रायन ईस्ट येथे, डागडुजी करून जतन केलेले एक घर आहे. 1888 साली जन्मलेले ध्रुवप्रदेशांचे संशोधक सर ह्यूबर्ट विल्किन्स यांचे ते बालपणीचे घर. अवर्षणाने गुरे आणि शेती नष्ट होताना त्यांनी लहानपणी पाहिली होती. हवामानाचे भाकीत आधी करता आले तर शेतकऱ्याचा बचाव होईल, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला, आणि त्याच ध्यासाने त्यांस ध्रुवांकडे नेले. 1928 साली त्यांनी अलास्काहून स्पिट्सबर्गेनपर्यंत आर्क्टिकवरून विमानप्रवास केला. 1958 साली त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी त्यांची रक्षा उत्तर ध्रुवावर विखुरण्यात आली. तहानलेल्या माळावरचे ते मूल शेवटी हिमात विसावले.

गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कितीतरी आधीपासून हा प्रदेश न्गाजुरी लोकांचा होता. आज या माळावर मेंढ्या चरतात आणि हॅलेटजवळच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या वीज निर्माण करतात. जमिनीवर गॉयडर यांची रेषा कोठेही ओढलेली नाही. काही ठिकाणी रस्त्याच्या कडेला तिची खूण सांगणारे फलक तेवढे आहेत. पण सावकाश जाणाऱ्या प्रवाशास फलकाची गरज पडत नाही. झुडुपांचा रंग पालटला आणि पहिले बिनछपराचे घर दिसले, की रेषा ओलांडली असे त्याने खुशाल समजावे. चार वर्षांच्या सुकाळापेक्षा माळावरचे झुडूप अधिक खरे बोलते, हे त्या शेतकऱ्यांस फार महागात पडून कळले. प्रवाशास ते एका दिवसाच्या वाटचालीत कळून येते.