पिस्तूल चुकते की हात? : नेमबाजीतील अचूकतेचा शोध

टोकियो ऑलिम्पिकमध्ये जुलै २०२१ मध्ये १० मीटर एअर पिस्तूल प्रकाराच्या पात्रता फेरीत मनू भाकर हिच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला आणि ५७५ गुणांसह तिला १२व्या स्थानावर थांबावे लागले. तो दोष उघड होता. पिस्तूल चालतच नव्हते. नेमबाजाला त्याहून अधिक छळणारा दोष निराळा असतो. पिस्तूल सुरळीत चालते, चाप नीट सुटतो, तरीही छर्रे लक्ष्यावर विखुरतात. नामांकित कारखान्यातून आलेले, लाखाच्या पुढे किंमत मोजून घेतलेले पिस्तूल असे वागू लागले, की पहिला संशय त्याच्यावरच जातो. हा संशय बहुतेक वेळा घाईचा ठरतो.

या खेळात चुकीला जागा फार थोडी असते. १० मीटर अंतरावरील लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ ११.५ मिलिमीटर असतो आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. पुढची वर्तुळे आठ-आठ मिलिमीटरच्या अंतराने आखलेली असतात. त्यामुळे प्रशिक्षक आधी दोन गोष्टी वेगळ्या करतात : छर्रे एकत्र पडतात का, आणि कोठे पडतात. सर्व छिद्रे एका ठिकाणी, परंतु मध्यापासून दूर असतील, तर ती तक्रार किरकोळ होय. मागील खाचेचे स्क्रू फिरवून ती दूर होते. छिद्रे पसरलेली असतील, तर मात्र स्क्रू कितीही फिरवले तरी उपयोग नाही. नवखे नेमबाज नेमके येथेच फसतात. प्रत्येक चुकलेल्या छर्‍यामागे ते स्क्रू फिरवतात आणि पसारा वाढवून ठेवतात.

पिस्तुलाची खरी परीक्षा हाताविना होते. ते व्हाइसमध्ये घट्ट बसवून एकाच लॉटचे दहा छर्रे झाडले जातात. सामन्यांसाठी बनवलेल्या पिस्तुलातून, नळीला मानवणारे छर्रे असतील तर, छिद्रे एकमेकांवर चढून जवळपास एकच भोक दिसते. अनेक उत्पादक कारखान्यात घेतलेल्या अशा चाचणीचे पत्रक पिस्तुलासोबतच देतात. ते जपून ठेवणे शहाणपणाचे, कारण पुढील तुलनेला तोच आधार असतो. पाच छर्‍यांवर निकाल देणे मात्र धोक्याचे. एक चांगला ग्रुप योगायोगानेही पडतो.

छर्‍यांचा विषय वरवर क्षुल्लक वाटतो. अनुभव वेगळाच आहे. सामन्याचे छर्रे ४.४८ ते ४.५२ मिलिमीटर अशा डोक्याच्या वेगवेगळ्या मापांत मिळतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक एका नळीला मानवतो, दुसरीला मानवत नाही. म्हणूनच जाणते नेमबाज निरनिराळी मापे व लॉट आपल्या पिस्तुलातून तपासतात आणि योग्य ठरलेला लॉट एकदम मोठ्या संख्येने घेऊन ठेवतात. पिस्तूल बदलण्यापेक्षा डबा बदलणे कितीतरी स्वस्त पडते.

छिद्रे उभ्या रेषेत पसरू लागली, तर हवेच्या दाबाकडे पाहावे. सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने निघालेला छर्रा १० मीटर अंतरात गुरुत्वामुळे साधारण २२ मिलिमीटर खाली येतो. वेग दहा टक्क्यांनी घटला, तर तो आणखी पाचेक मिलिमीटर खाली उतरतो. झिजलेले सील किंवा दाब स्थिर न राखणारा नियामक असे प्रकार घडवू शकतो. याखेरीज खाच, माशी किंवा मूठ धरून ठेवणारा सैल स्क्रू, तसेच नळीच्या तोंडाची कड दुखावलेली असणे, हीदेखील नेहमीची कारणे आहेत.

व्हाइसमध्ये पिस्तूल निर्दोष ठरले, की उरतो तो हात. माशी व खाच यांतील अंतर साधारण ३३ सेंटिमीटर असते. माशी खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तरी १० मीटरवर ती चूक ३० मिलिमीटरची होते आणि छर्रा सातच्या वर्तुळात जातो. याउलट माशी व खाच जुळलेली असताना संपूर्ण हात पाच मिलिमीटर हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर हलतो आणि गुण दहाच राहतात. त्यामुळेच लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल, पण नजर माशीवर हवी, असा प्रशिक्षकांचा आग्रह असतो. उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे डावीकडे खाली जाऊ लागले, तर चाप हिसक्याने ओढला जात असण्याची शक्यता अधिक. हाताला न बसणारी मूठही तोच परिणाम घडवते. लाकडी मूठ हाताच्या मापाने तासून घेणे हा त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

२५ मीटर प्रकारातील ५.६ मिलिमीटरच्या पिस्तुलाला हीच क्रमवारी लागू पडते. तेथे छर्‍यांऐवजी काडतुसांचे लॉट तपासायचे आणि नळीत साचणार्‍या शिशाकडे लक्ष द्यायचे. मात्र ते अग्निशस्त्र असल्याने शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार त्याची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते. एअर पिस्तुलाच्या बाबतीतही नळी वा चाप घरी उघडण्याऐवजी, व्हाइसमधील चाचणीचे पत्रक सोबत जोडून ते जाणकाराकडे पाठवल्यास दोष लवकर सापडतो.