कानातल्या रातकिड्यांना औषध आहे का?

काही दुखणी दाखवता येतात. ताप मोजता येतो, सूज दिसते. कानातला आवाज मात्र ज्याचा त्यालाच ऐकू येतो; कुणाला शिट्टी, कुणाला दूरची पिठाची गिरणी. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात, आजचे डॉक्टर टिनिटस म्हणतात. माझ्या दोन्ही कानांत गेली चार वर्षे रातकिडे मुक्कामाला आहेत. दिवस कसाबसा जातो, पण रात्री सारे घर निजले की त्यांची मैफल रंगते.

असे दुखणे कळले की सल्ल्यांना तोटा नसतो. व्याह्यांनी गिंकोच्या गोळ्या सुचवल्या, शेजारच्या वहिनींनी लसणाचे तेल. पण बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझा जन्म गेला. कागद पाहिल्याशिवाय पैसा सोडायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. मी गोळ्यांचेही कागद पाहिले.

गिंकोची एक मोठी चाचणी ब्रिटनमध्ये ११२१ जणांवर झाली. काहींना गिंको आणि काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी, असे बारा आठवडे चालले. २००१ साली निकाल छापून आला: दोहोंत फरक नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१४ साली गिंको, जस्त, मेलाटोनिन या आवाजासाठी देऊ नका, असे बजावले.

मग या आवाजाला गप्प करणारे औषधच नाही का? आहे, आणि तीच खरी चुटपूट आहे. १९३५ साली नोबेलविजेते डॉ. बारानी यांना नाकात बधिरतेचे इंजेक्शन देताना काही रुग्णांचा कर्णनाद कमी झालेला आढळला. पुढे दंतवैद्यांचे नेहमीचे लिग्नोकेन शिरेतून दिल्यावर अनेकांचा आवाज काही मिनिटांत उतरला, पण थोड्याच वेळात परतला. शिवाय त्यात हृदयाच्या ठोक्यांना धोका. रोज घेण्याजोगी गोळी त्यातून काही निघाली नाही.

बहुतेक तज्ज्ञांच्या मते, वयाने किंवा गोंगाटाने आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि मेंदू उरलेला आवाज वाढवू पाहतो. रेडिओवर स्टेशन लागेना म्हणून आवाज मोठा करावा आणि नुसती खरखरच मोठी व्हावी, तसे.

मात्र 'गोळी नाही' आणि 'उपाय नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने अनेकांना आराम पडतो. आवाजाची धास्ती कमी करणाऱ्या मानसोपचारालाही चांगला पुरावा आहे. रात्री पंख्याची घरघरसुद्धा सोबत करते. मी श्रवणयंत्र लावले. रातकिडे गेले नाहीत, पण नातीचे बोलणे त्यांच्यावर मात करते.

एकाच कानात आवाज असेल किंवा नाडीबरोबर ठोके ऐकू येत असतील, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी गाठायला हवे. जाताना चालू गोळ्यांची यादी न्यावी. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने किंवा क्विनीननेही कान वाजतात. आणि घरातल्या कुणी ही तक्रार केली तर 'काही नाही हो, भास आहे' म्हणू नका. त्याला श्रवणचाचणीला घेऊन जा.